पार-३ प्रथिन आणि पीएआरडी३ जनुक

पार-३ : पेशीची ध्रुवता, म्हणजे तिची दोन टोके किंवा बाजू वेगळ्या असणे, ठरवण्यात भाग घेणारे एक मोठे आधारक प्रथिन. माणसात ते पीएआरडी३ या जनुकापासून तयार होते. पार-३ स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाही, म्हणजे ते विकर नाही. इतर प्रथिनांना पेशीपटलालगत ठरावीक जागी आणून बसवणे आणि वेळ आल्यावर त्यांना सोडून देणे हे त्याचे काम आहे. ‘सोडून देणे’ या भागाकडे जुन्या वर्णनांत दुर्लक्ष झालेले दिसते. अलीकडच्या संशोधनामुळे त्याला आता योग्य महत्त्व मिळू लागले आहे.

पीएआरडी३ हे जनुक १० व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, सेंट्रोमियरच्या जवळ, १०पी११.२१ ते ११.२२ या पट्ट्यात आहे. त्याचा विस्तार सुमारे ७ लाख बेस-जोड्यांचा आहे. सर्वांत लांब प्रथिनात १,३५६ अमिनो आम्ले असतात. त्यासाठी लागणारा संकेत ४ हजारांहून थोड्या अधिक बेसचा, म्हणजे जनुकाच्या एकूण लांबीच्या शेकडा एक भागापेक्षाही कमी आहे. बाकीचा जवळजवळ सर्व भाग इंट्रॉनांचा, म्हणजे प्रथिन बनण्यापूर्वी कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांचा आहे. उरणाऱ्या तुकड्यांच्या, म्हणजे एक्सॉनांच्या, पर्यायी जोडणीमुळे प्रथिनाचे अनेक प्रकार तयार होतात. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्यांचे १८०, १५० आणि १०० किलोडाल्टनच्या आसपास तीन ठळक पट्टे दिसतात. पूर्ण लांबीच्या प्रथिनाचे गणिताने येणारे वजन सुमारे १५१ किलोडाल्टन असूनही जेलवर ते १८०च्या पट्ट्यात दिसते. जेलवरचा १५०चा पट्टा म्हणजेच पूर्ण प्रथिन, अशी चुकीची समजूत त्यामुळे होऊ शकते.

नाव व नावांचा गोंधळ : ‘पार’ हे ‘पार्टिशनिंग डिफेक्टिव्ह’ या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. विभागणीत दोष असलेला, असा त्याचा अर्थ. पीएआरडी३ या चिन्हातला ‘डी’ या दोषाचाच आहे. सूत्रकृमींच्या आनुवंशिकीत जनुक बिघडल्यावर जे लक्षण दिसते त्यावरून त्याला नाव देण्याची रीत आहे. त्यामुळे निरोगी प्रथिनाच्या नावातही ‘दोष’ कायम राहिला. याच अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या इतर गोष्टींपासून पार-३ वेगळे ओळखणे आवश्यक आहे. प्रोटिएजने सक्रिय होणारा तिसरा ग्राही हाही जुन्या लेखनात पार-३ म्हणूनच येतो, पण तो रक्त गोठण्याशी संबंधित असून त्याचे जनुक एफ२आरएल३ नव्हे तर एफ२आरएल२ आहे. पॉलि-एडीपी-रायबोज या रेणूचे संक्षिप्त रूपही पार असेच आहे. जीवाणूंत प्लाझ्मिडांच्या वाटपाशी निगडित ‘पार’ जनुके आहेत, त्यांचाही येथे काही संबंध नाही. सस्तन प्राण्यांतील पार-३ ला प्रथम दिलेले ‘एसिप’ हे नाव तर आज केसांच्या रंगाशी निगडित अगूटी प्रथिनाच्या जनुकाचे अधिकृत चिन्ह आहे. १९९८ ते २००५च्या दरम्यानचे शोधनिबंध वाचताना ‘एसिप’ कोणत्या अर्थाने आले आहे हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

शोधाचा इतिहास : या जनुकाचा शोध नेमका कोठून सुरू झाला असे मानायचे, याबाबत एकमत नाही. तीन स्वतंत्र वाटा १९९८ साली एकत्र आल्या आणि प्रत्येक वाटेचे नाव आजही टिकून आहे.

कालक्रमाने पहिली वाट फळमाशीची आहे. एरिक वीशाउस, क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि गेर्ड युर्गेन्स यांनी भ्रूणाच्या बाह्यत्वचेची घडण बिघडवणाऱ्या उत्परिवर्तनांचा पद्धतशीर शोध घेतला. १९८४ साली एक्स गुणसूत्रावरील जी जनुके प्रसिद्ध झाली, त्यांत ‘बाझूका’ हे एक होते. परंतु तेव्हा त्याची नोंद भ्रूणाच्या घडणीतला एक दोष इतकीच होती, पेशीध्रुवतेचा उल्लेख तीत नव्हता. बाझूका बिघडल्यास भ्रूणातील अभिस्तराचे, म्हणजे पृष्ठभाग मढवणाऱ्या पेशीथराचे, सांधे नीट जुळत नाहीत हे १९९६च्या सुमारास स्पष्ट झाले.

दुसरी वाट सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीची. केनेथ केम्फ्यूज, जेम्स प्रीस आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मातेकडून येणारी ८ उत्परिवर्तने वर्णिली. ती पार-१ ते पार-४ या ४ जनुकांत मोडत होती. निरोगी सूत्रकृमीत फलित अंड्याचे पहिले विभाजन विषम असते. पुढची पेशी मोठी आणि मागची लहान होते, आणि पुढे जननपेशी बनवणारे कण फक्त मागच्या पेशीत जातात. पार जनुके बिघडली की ही वाटणी फसते. पार-३ बिघडलेल्या भ्रूणात दोन्ही पेशी जवळपास सारख्या होतात. दुसऱ्या विभाजनात एरवी केवळ मागच्या पेशीतला तर्कू, म्हणजे गुणसूत्रे वाटणारी तंतूंची रचना, ९० अंशांनी वळतो, येथे मात्र दोन्ही पेशींतले तर्कू वळतात. १९९५ साली एतेमाद-मोघदम, गुओ आणि केम्फ्यूज यांनी पार-३ चा क्रम उलगडला आणि हे प्रथिन अंड्याच्या फक्त पुढच्या भागाच्या परिघावर असते हे दाखवले. प्रथिनाची जागाच पेशीची दिशा सांगते, हे या प्रथिनाबाबत इतक्या स्पष्टपणे येथेच प्रथम दिसले.

तिसरी वाट जैवरसायनाची. शिगेओ ओहनो यांच्या योकोहामा येथील गटाला प्रोटीन कायनेज-सी या, इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांच्या कुलातील ‘असामान्य’ प्रकाराला, म्हणजे एपीकेसीला, चिकटणारे प्रथिन हवे होते. जे सापडले त्याला त्यांनी एसिप म्हटले. १९९८ साली त्याचा क्रम जुळवला तेव्हा ते सूत्रकृमीच्या पार-३ चे सस्तन प्राण्यांतील भावंड ठरले. अभिस्तर पेशींत ते घट्ट सांध्यांजवळ, म्हणजे शेजारच्या पेशींमधली फट बंद करणाऱ्या जोडांजवळ असते, हेही त्याच निबंधात होते. त्याच वर्षी कुचिंके, ग्रावे आणि क्नुस्ट यांनी बाझूका हे फळमाशीतील पार-३ असल्याचे दाखवले. सूत्रकृमीतही पार-३ आणि एपीकेसी एकत्र काम करतात हे सिद्ध झाले. २००० साली अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी पार-६ ची भर घातली आणि ते सीडीसी४२ या लहान जीटीपी-प्रथिनाला जोडले जाते हे दाखवले. पार-३, पार-६ आणि एपीकेसी यांच्या त्रिकुटाला तेव्हापासून ‘पार संकुल’ म्हणतात.

केवळ तारखेनुसार बाझूकाला अग्रक्रम द्यावा असे काही जण मानतात. प्रस्तुत नोंदीत मात्र सूत्रकृमीच्या नावाला प्राधान्य दिले आहे, कारण जनुक सापडणे आणि ते कशासाठी आहे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट सूत्रकृमीत प्रथम घडली. मानवी जनुकाचे अधिकृत नावही त्याच परंपरेतून आले आहे.

रचना : पार-३ मध्ये उत्क्रांतीत टिकून राहिलेले तीन प्रदेश ओळखले जातात. त्यांना सीआर१, सीआर२ आणि सीआर३ म्हणतात. दरम्यानचे लांब पट्टे बऱ्याच अंशी अस्थिर घडीचे आहेत. त्यांचा अभ्यास तुलनेने कमी झाला आहे.

सीआर१ हा प्रथिनाच्या आरंभीचा सुमारे ८० अमिनो आम्लांचा भाग. तो दुसऱ्या पार-३ रेणूच्या सीआर१ ला डोके-शेपटी अशा पद्धतीने जुळतो आणि त्यातून मळसूत्री तंतू तयार होतो. पेशीपटलावर पार-३ विखुरलेल्या रेणूंच्या रूपात न दिसता ठिपक्यांच्या रूपात दिसते, त्याचे मुख्य कारण हेच. या जोडणीतील महत्त्वाची अमिनो आम्ले बदलली तर पार-३ ची पटलावरची पकड बरीच कमी होते. पार-३ चे बाकीचे सारे गुण या एकत्र येण्यावर उभे आहेत, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

सीआर२ मध्ये तीन पीडीझेड प्रदेश ओळीने येतात. पीडीझेड हे नाव पीएसडी-९५, डिस्क्स लार्ज आणि झेडओ-१ या तीन प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून पडले. असे प्रदेश साधारणतः दुसऱ्या प्रथिनाच्या शेवटच्या काही अमिनो आम्लांना धरतात. पहिला पीडीझेड घट्ट सांध्यातील जॅम-ए या पटल-प्रथिनाची शेपटी धरतो. दुसरा पटलातील फॉस्फोइनोसिटाइड लिपिडांना जोडला जातो. तिसरा पीटीईएन या फॉस्फेट काढणाऱ्या विकराशी जुळू शकतो. पटलातील लिपिड आणि त्या लिपिडाची मात्रा बदलणारे विकर ही दोन्ही एकाच प्रथिनाच्या शेजारशेजारच्या प्रदेशांना जोडली जातात, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

सीआर३ हा छोटा पट्टा एपीकेसीच्या क्रियास्थानात बसतो. त्यातल्या ८२७ व्या क्रमांकाच्या अमिनो आम्लाला, सेरीनला, एपीकेसी फॉस्फेट जोडते. प्रथिनाच्या शेवटाकडील भाग टायम-१ ला जोडतो. टायम-१ हे रॅक या लहान जीटीपी-प्रथिनाचे सक्रियक आहे. रॅकची सक्रियता रोखून घट्ट सांधे जुळू देणे हे पार-३ चे एक काम या मार्गाने होते.

पार-६ ची पकड कशी, हा वाद : त्रिकुटातली दोन प्रथिने, म्हणजे पार-६ आणि एपीकेसी, एकमेकांना पीबी१ प्रदेशांनी घट्ट धरून असतात. त्याबद्दल मतभेद नाही. पार-३ या जोडीला नेमके कशाने धरते, यावर मात्र २० वर्षांहून अधिक काळ चर्चा चालू आहे. सुरुवातीच्या प्रयोगांवरून पार-३ चा पहिला पीडीझेड आणि पार-६ चा पीडीझेड थेट एकमेकांना धरतात असे मानले गेले. दोन पीडीझेड एकमेकांना धरणे असाधारण असले तरी अशक्य नाही. २०१८ साली वेगळे मत पुढे आले. पार-६ ची शेपटी हीच पीडीझेडने धरण्याजोगी खूण असून ती पार-३ च्या पहिल्या आणि तिसऱ्या पीडीझेडला जुळते, असे ते मत. त्यानंतर २०२० साली केनेथ प्रिहोडा यांच्या गटाने एपीकेसीच्या शेपटीतही तशीच खूण असून ती पार-३ च्या दुसऱ्या पीडीझेडला जुळते असे दाखवले. फळमाशीच्या चेताजनक पेशींत ध्रुवतेसाठी ही शेवटची जोडणी महत्त्वाची असल्याचेही त्यांनी मांडले.

हे पर्याय परस्परविरोधी मानावेच लागतात असे नाही. अनेक कमकुवत पकडी एकाच वेळी लागू असाव्यात आणि पेशीच्या अवस्थेनुसार एक सुटून दुसरी लागत असावी, हे स्पष्टीकरण उपलब्ध पुराव्यांशी अधिक जुळते. एकच खरी पकड शोधण्याचा आग्रह संकुल म्हणजे कायमची जोडलेली वस्तू या जुन्या कल्पनेतून येतो.

सीआर३ बाबतचा मतभेद याच जातीचा आहे. पार-३ हे एपीकेसीचे खाद्य, म्हणजे ज्याला ते फॉस्फेट जोडते असे प्रथिन आहे, की त्याला रोखणारा लगाम? २०१२ सालच्या स्फटिक-रचनेत सीआर३ चा तुकडा विकराच्या क्रियास्थानात बसलेला दिसला. तेथे बसलेला असताना तो इतर प्रथिनांना आत येऊ देत नाही, म्हणून तो लगाम. पण फॉस्फेट लागल्यावर त्याची पकड सैल होते, म्हणून तो खाद्यही. २०१६ साली सीआर३ च्या दोन्ही बाजूंची अमिनो आम्ले ही पकड कमीजास्त करतात असे आढळले. दोन्ही भूमिका एकाच रेणूला वेगवेगळ्या क्षणी लागू पडतात, असे आज बहुतेक जाणकार मानतात.

कार्यपद्धती : सूत्रकृमीच्या अंड्यात ही यंत्रणा सर्वांत चांगली उलगडली आहे. आरंभी पार-३, पार-६ आणि एपीकेसी अंड्याच्या संपूर्ण परिघावर असतात. शुक्रपेशीने आणलेले सेंट्रोसोम जेथे परिघाजवळ येते, तेथून अॅक्टिन-मायोसिनचे जाळे आक्रसत पुढच्या टोकाकडे सरकते. पार-३ चे पुंजके या प्रवाहाबरोबर वाहत पुढे जातात. मोकळ्या झालेल्या मागच्या भागात पार-१ आणि पार-२ बसतात. पुढे दोन्ही पक्ष एकमेकांना हटवत राहतात. एपीकेसी पार-१, पार-२ आणि एलजीएल या प्रथिनांना फॉस्फेट जोडून पटलावरून काढते. पार-१ हे पार-३ ला फॉस्फेट जोडते, त्यावर पार-५, म्हणजे १४-३-३ प्रथिन, चिकटते आणि पार-३ ची पटलावरची पकड सुटते. सीमारेषा टिकते ती या सततच्या ढकलाढकलीमुळे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या काही अभ्यासांनी या चित्रात महत्त्वाची भर घातली. पार-६ आणि एपीकेसीची जोडी दोन अवस्थांत आढळते. पार-३ च्या पुंजक्यात असताना ती प्रवाहाबरोबर वाहते, पण तिची फॉस्फेट जोडण्याची क्रिया दबलेली असते. सीडीसी४२ ला जोडलेली असताना ती सक्रिय असते, पण पटलावर मोकळी पसरते. म्हणजे पार-३ तिला योग्य जागी पोहोचवते आणि सीडीसी४२ च्या हवाली करते. ‘पार संकुल’ या शब्दाने तिन्ही प्रथिने कायम एकत्र राहत असल्याचा जो समज होतो तो यामुळे टिकत नाही. पक्व अभिस्तरातही हेच दिसते. फळमाशीत पार-३ सांध्यापाशी राहते, तर पार-६ आणि एपीकेसी त्याच्या वरच्या, मोकळ्या पृष्ठभागाकडे असतात. ८२७ व्या सेरीनशी समकक्ष असलेल्या ९८० व्या सेरीनला फॉस्फेट लागणे आणि क्रम्ब्स प्रथिनाची चढाओढ यांनी ही फारकत होते.

सस्तन प्राण्यांत पार-२ चे भावंड सापडत नाही. तेथे खालच्या बाजूचे काम मार्क नावाने ओळखली जाणारी पार-१ ची भावंडे, एलजीएल, स्क्रिबल आणि डीएलजी ही प्रथिने करतात.

ऊतींनुसार भूमिका : अभिस्तर पेशींत पार-३ कमी केले तर घट्ट सांधे जुळण्यास उशीर होतो, पण अखेरीस ते बहुधा जुळतात. पोकळी तयार होताना पार-३ पुटिकांना, म्हणजे पेशीतल्या पटलाच्या लहान पिशव्यांना, कोठे उतरायचे ते दाखवते. स्तनग्रंथीच्या पेशींत ते एक्सोसिस्ट या पुटिका बांधून घेणाऱ्या यंत्रणेचे ग्राही म्हणून काम करते. उंदरात हे जनुक पूर्ण निकामी केल्यास गर्भ मध्यावस्थेत मरतो. हृदयाचे बाह्य आवरण नीट तयार न होणे हा त्यातला ठळक दोष आहे, असे २००६ साली आढळले.

चेतापेशींबाबत निष्कर्ष जपून काढावेत. २००३ साली उंदीरवर्गीय प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींत पार-३ भावी अक्षतंतूच्या (संदेश बाहेर नेणाऱ्या लांब तंतूच्या) टोकाशी गोळा होते आणि ते विस्कळीत केल्यास अक्षतंतू ठरत नाही, असे दाखवले गेले. पुढच्याच वर्षी फळमाशीत बाझूका, पार-६ किंवा एपीकेसी नसतानाही अक्षतंतू आणि वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या) नीट वेगळ्या होतात असे दिसले. पहिले प्रयोग बशीत वाढवलेल्या पेशींवरचे होते, दुसरे जिवंत प्राण्यातले. हा फरक लक्षात घेता, अक्षतंतूची निवड हे पार-३ चे सार्वत्रिक कार्य असल्याचे विधान आज धाडसाचे ठरेल. वृक्षिकांवरील कंटिका, म्हणजे छोटे उंचवटे, घडवण्यात आणि चेतातंतूंभोवतीच्या श्वान पेशींनी (शास्त्रज्ञ श्वान यांच्या नावावरून) मायेलिन हे आवरण गुंडाळण्याची सुरुवात करण्यात त्याचा सहभाग असल्याचे पुरावे २००६ सालापासून आहेत. विकसनशील मेंदूच्या बाह्यकातील मूळपेशींत ते नॉच या शेजारच्या पेशींमधल्या संकेताचे वाटप विषम करते. तेथे पार-३ काढल्यास बाह्यक वाढते आणि चेतापेशी चुकीच्या जागी साचतात, असे उंदरात २०१८ साली आढळले.

पार-३ शिवाय ध्रुवता असूच शकत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. फळमाशीच्या मध्यांत्रातील अभिस्तर बाझूकाशिवायही ध्रुवीय राहतो.

भावंड जनुक : माणसात पीएआरडी३बी हे दुसरे जनुक २ ऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्याचे प्रथिन पार-३ सारखेच दिसते, पण एपीकेसीला जोडत नाही. स्तनग्रंथीच्या मूळपेशी टिकवताना ते एलकेबी१ ला रोखते असे २०१४ साली दिसून आले. एलकेबी१ म्हणजे मानवातील पार-४. १९८८च्या ४ जनुकांपैकी दोहोंचे वारस अशा रीतीने माणसात पुन्हा एकमेकांसमोर येतात.

उत्क्रांती : पार-३ बहुधा प्राण्यांपुरतेच मर्यादित आहे. स्पंजांत ते आढळते, वनस्पती आणि कवकांत नाही. अभिस्तर ऊतीच्या उगमाशी त्याचा संबंध असावा, अशी मांडणी यावरून केली जाते.

रोगांशी संबंध : २०१० साली विविध कर्कार्बुदांत सूक्ष्म लोप शोधताना पीएआरडी३ चे तुकडे गळालेले आढळले. त्यांत सपाट पेशींचे कर्करोग आणि मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा होते. २०१२ आणि २०१३ साली स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांतील नमुन्यांत पार-३ कमी झाल्यास गाठी इतर अवयवांत अधिक पसरतात असे दिसले. म्हणून त्याला ‘अर्बुदरोधक’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु उंदराच्या त्वचेत पार-३ काढल्यावर एका प्रकारच्या गाठी कमी झाल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या वाढल्या, हे २०१२ सालीच नोंदले गेले. त्वचेच्या केराटिन पेशींतून ते काढल्यास शेजारच्या रंगपेशींत मेलॅनोमा होण्यास मदत होते, असेही २०१७ साली आढळले. पार-३ चा परिणाम ऊती आणि परिस्थिती यांवर अवलंबून आहे, इतकेच खात्रीने म्हणता येते.

चेतानलिका, म्हणजे भ्रूणातील मेंदू व मज्जारज्जूची आद्य नळी, नीट न मिटण्याच्या जन्मजात दोषांत पीएआरडी३ मधील विरळ फरक आढळले आहेत. त्यातले काही एपीकेसी-बंधक प्रदेशाजवळ आहेत. झेब्राफिशच्या चेतानलिकेत मध्यरेषेवर विभागणाऱ्या पेशींत पार-३ मध्यभागी साचते आणि दोन्ही कन्या पेशी आरशातल्यासारख्या सममित बसतात, हे २००७ सालचे निरीक्षण येथे सयुक्तिक आहे. मात्र माणसात हे फरक दोषाचे कारण आहेत की केवळ सोबती, हे मोजक्या अभ्यासांच्या आधारे ठरवणे योग्य होणार नाही.